ऊठबस

आई पाटावरून उठते तेव्हा आधी जरा खाली जाते. हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं, आणि तेसुद्धा कागदावर तिला उठवता येईना म्हणून.

चौदा चित्रं काढली होती. पहिल्यात ती बसलेली, चौदाव्यात उभी. मधली बारा मी इमानेइतबारे सारख्या अंतरावर वाटून टाकली, भावाभावांत जमीन वाटावी तशी. फोनवर त्यांचे फोटो घेऊन एकामागून एक पळवले, तर आई लिफ्टमधून आल्यासारखी सरळ वर आली. ना गुडघा, ना कंबर, ना वजन. मुलगी मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "बाबा, आजीत गॅस भरलाय का?"

त्या रात्री जेवताना मी आईकडे नीट बघितलं. तिला काहीतरी हवं होतं, बहुधा मीठ. तिने ताट बाजूला सरकवलं, उजवा पंजा जमिनीवर टेकवला, आणि मग, वर जाण्याआधी, तिचं डोकं पुढे झुकून खाली गेलं. जेमतेम चार बोटं. त्या चार बोटांतून तिने जोर गोळा केला. डावा गुडघा आधी उभा राहिला, त्यावर डावा हात आला, तिथे ती थांबली. श्वासभर. मग कंबर वर, मग पाठ, आणि सगळ्यांत शेवटी मान. मान सरळ झाल्यावर तिने निऱ्या झटकल्या. मीठ माझ्याच हाताशी होतं.

मी मुद्रितशोधक आहे. प्रूफरीडर म्हटलं की लोकांना चटकन कळतं, म्हणून तसंच सांगतो. सांगलीत एका छापखान्यात तीस वर्षं दुसऱ्यांच्या वेलांट्या आणि अनुस्वार तपासतो आहे. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर शाळेतली एलिमेंटरी परीक्षा, तीही सी ग्रेड. पण वह्यांच्या कोपऱ्यांत माणसं काढून पानं फरफर सोडायची सवय मोठेपणीही सुटली नव्हती. ती सवय मुलीने पकडली. तिने मला सांगितलं की आता यासाठी स्टुडिओ लागत नाही. ब्लेंडर, क्रिता, ओपनटून्झ असली सॉफ्टवेअरं फुकट मिळतात, आणि आपला जुना कॉम्प्युटर कण्हत का होईना, त्यांतलं एखादं चालवेल. म्हणून मग, म्हातारपणी लोक बाग करतात तसं, मी कार्टून करायला घेतलं.

विषय शोधावा लागला नाही. आमचं घर एसटी स्टँडपासून चालत सात मिनिटांवर. गावाकडून दवाखान्याला आलेले, कोर्टाच्या तारखेला आलेले, गाडी चुकलेले, सगळे आमच्याकडे टेकत. त्या सगळ्यांची ऊठबस आईने केली. मराठीत हा शब्द फार बेरकी आहे. ऊठबस करायची ती पाहुण्यांची. पण प्रत्यक्ष उठते आणि बसते ती घरची बाई. पाहुणा एकदा बसला की उठतच नाही लवकर. तेव्हा ठरलं: एक बाई ताट वाढून घेऊन पाटावर बसते. कुकरची शिट्टी होते, ती उठते. बसते. शेजारीण विरजण मागायला येते, ती उठते. मग दूध, मग फोन. पाचव्या वेळी तिला कोणीच हाक मारत नाही. ती सवयीने उठते, उभी राहून इकडे तिकडे बघते, का उठलो ते आठवत नाही, आणि पुन्हा बसते. संपलं. ९४ सेकंद.

आता ९४ सेकंदांचा हिशेब ऐका. सिनेमा सेकंदाला २४ चौकटी खातो. म्हणजे २२५६. प्रत्येक चित्र दोन चौकटींपुरतं धरलं, आणि जगभर पुष्कळ कार्टूनवाले तसंच धरतात, तरी ११२८ चित्रं. त्यातून बाई जिथे स्वस्थ बसली आहे तिथे एकच चित्र धरून ठेवायचं, शिट्टीचं डोलणं चार चित्रांत फिरवत राहायचं, अशी काटकसर करत मी ६४० वर आलो. एमिल कोल नावाच्या फ्रेंच माणसाने १९०८ साली पॅरिसमध्ये 'फँटास्मागोरी' केली तेव्हा सुमारे ७०० चित्रं हातांनी काढली होती. दीड मिनिटाच्या आतली फिल्म. मधल्या शंभराहून जास्त वर्षांत यंत्रांनी काय काय केलं, पण एकट्या माणसाच्या मनगटाचा भाव फारसा बदललेला नाही, हे बघून मला बरं वाटलं. मला अकरा महिने लागले. छापखान्यातून आल्यावर, रात्री साडेनऊ ते साडेअकरा. चांगल्या रात्री सहा चित्रं. दिवाळी अंकांच्या दिवसांत महिनाभर एकही नाही.

अशा रात्री मला फाळक्यांचा आधार वाटायचा. 'राजा हरिश्चंद्र'च्या फाळक्यांचा नव्हे, तर त्याच्याआधीच्या. ते आमच्याच धंद्यातले, छापखानेवाले. लोणावळ्याला रविवर्मा प्रेससाठी शिळाछापाचं काम केलं, पुढे दादरला लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स चालवला, भागीदारांशी पटेना म्हणून बाहेर पडले. सिनेमाच्या नादाने रात्री जागून एकदा डोळे जायची वेळ आली होती. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर या गृहस्थाने काय केलं असेल? कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा समोर रोवला आणि दिवसामागून दिवस त्याची एकेक चौकट टिपत गेले. पडद्यावर 'अंकुराची वाढ' डोळ्यांदेखत झाली, आणि ती बघून भांडवल देणाराही तयार झाला. पुढे १९१५ च्या सुमारास त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. तीत आगपेटीतल्या काड्या आपोआप हलून आकार घेत. काडी सरकवा, चौकट टिपा, पुन्हा सरकवा. ती फिल्म आज पाहायला मिळत नाही. पण एवढा मोठा माणूस जमिनीवर बसून एकेक काडी केसभर सरकवतो आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर पक्कं आहे. काड्यांवरून आठवलं, गीतांजली राव यांची 'प्रिंटेड रेनबो' ही पंधरा मिनिटांची फिल्म २००६ साली कान महोत्सवातल्या क्रिटिक्स वीकमध्ये गाजली. ती त्यांनी स्वतः हातांनी रंगवली. त्यात एक एकटी म्हातारी, तिची मांजर आणि काड्यापेट्यांवरच्या छापील चित्रांचा तिचा संग्रह. ती बघताना मला उगीचच वाटत राहिलं की फाळक्यांनी काड्या घेतल्या, पेटी शिल्लक ठेवली होती.

साहित्याचं म्हणाल तर जुन्या शोकेसची काच, तिच्याखाली आडवी ठेवलेली एलईडी नळी, आणि कागद हलू नयेत म्हणून ऑफिसातलं दोन भोकांचं पंचिंग मशीन. फाइलच्या पत्र्याच्या क्लिपेत भोकं अडकवली की खालचं चित्र वरच्या कागदातून दिसतं आणि ते जिथे होतं तिथून तसूभर पुढचं काढता येतं. फोन एका स्टुलावर पालथा, स्टुलाच्या बैठकीला सुताराकडून पाडून घेतलेलं एक भोक. हे सगळं बिनखर्चाचं. खर्च वाचवण्याच्या नादात एक मात्र चूक झाली. छापखान्यातून मला पाठकोरे कागद रगड मिळतात. तपासून झालेली प्रूफं, एक बाजू छापील, दुसरी कोरी. आयुष्यभर किराण्याच्या याद्या त्यांवरच लिहिल्या. कार्टूनही त्यांवरच सुरू केलं. काचेखालचा दिवा लावल्यावर पाठीमागचा मजकूर लख्ख उमटतो, हे माझ्या लक्षात यायला चाळीस चित्रं जावी लागली. फोटोंतही तो आला. आई फोनकडे चालली आहे आणि तिच्या मागच्या भिंतीवर सहकारी पतसंस्थेचा वार्षिक अहवाल मुंग्यांसारखा वळवळतो आहे! नंतर कोरे कागद विकत आणले, पण ती चाळीस चित्रं टाकवेनात. तशीच ठेवली. पुढे एका अनोळखी तरुणाने ऑनलाइन विचारलं की त्या दृश्यातला अक्षरांचा पोत तुम्ही कोणत्या तंत्राने साधलात. मी त्याला खरं ते सांगितलं. त्याचा विश्वास बसला नसावा.

पण मी उठण्याबद्दल सांगत होतो. त्यातच तर पाच महिने गेले.

डिस्नेकडचे दोन जुने चित्रकार, फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन, यांनी १९८१ मध्ये आपल्या कलेचं एक जाडजूड पुस्तक लिहिलं आणि त्यात बारा तत्त्वं सांगितली. त्यातलं एक असं की कुठल्याही हालचालीआधी तिच्या उलट दिशेची एक छोटी हालचाल असते. मांजर झेप घेण्याआधी दबतं, गोलंदाज चेंडू टाकण्याआधी हात मागे नेतो. आणि आई वर जाण्याआधी खाली. दुसरं असं की हालचाल एका वेगाने होत नाही. सुरुवातीला आणि शेवटाला चित्रं दाट, मध्ये विरळ. मी सारखी वाटणी केली होती, तिथेच गॅस भरला गेला होता. मुलीने पुस्तकातली ही पानं मला दाखवली, आणि तेव्हा मला वाटलं की हे तर मीठ आणायला उठलेल्या आईने कधीच दाखवलं होतं, पुस्तकाने फक्त शिक्का मारला.

मग मी आळशीपणा केला. फिल्मवरून चित्रं गिरवून घ्यायची युक्ती अमेरिकेत मॅक्स फ्लायशर यांनी १९१५ च्या आसपास काढली. ती अजून चालते. म्हटलं, आईच्या उठण्याचा व्हिडिओ घेऊ आणि गिरवू. फोन समोर धरला. "माझं काय शूटिंग करतोस?" असं म्हणून तिने पदर सारखा केला, आणि जमिनीला हात न लावता, गुडघ्याला हात न लावता, ओठ घट्ट मिटून, एका दमात उठली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई! कॅमेऱ्यासमोर तिची उमर वीस वर्षांनी उतरली. "झालं?" तिने विचारलं. मग बराच वेळ ती भिंतीला टेकून उभी होती, ते मी चित्रित केलं नाही.

तेव्हापासून फोन खिशात ठेवला. रोज जेवताना तिच्याकडे बघायचं, पण ती बघत असेल तेव्हा आमटीकडे बघायचं. मनगटावरच्या घड्याळाने वेळ घ्यायची. सकाळचं पहिलं उठणं दोन सेकंदांचं असतं. रात्रीचं शेवटचं चारचं. माझा बेत असा होता की उठायची चित्रं एकदाच काढायची आणि पाचही वेळा तीच फिरवायची; असा पुनर्वापर या धंद्यात सर्रास चालतो, त्यात पाप नाही. पण घड्याळ लावून बसल्यावर ते करवेना. पहिल्या उठण्याची २४ चित्रं झाली, पाचव्याची ४७. पाचव्यात हात आधी टेकतो, घसरतो, पुन्हा टेकतो. गुडघ्यावरचा थांबा पहिल्या वेळी तीन चित्रांचा होता तो आता नऊ चित्रांचा. या नऊ चित्रांत काहीच घडत नाही. खरं तर तिथे एकच चित्र धरून ठेवता आलं असतं. पण तसं केलं की ती दगड होते. म्हणून तेच चित्र नऊ वेळा पुन्हा काढलं. हात कितीही सांभाळला तरी रेघ दरवेळी सुताने इकडे तिकडे पडते, त्यामुळे नुसती थांबलेली बाईसुद्धा थरथरते. हे मला कुठल्या तत्त्वात सापडलं नाही, सापडलं असेल तर मी ते पान वाचलं नाही.

तीस वर्षं मी तिच्या समोर बसून जेवत होतो. दुसऱ्याच्या मजकुरातला सुटलेला अनुस्वार मला हातभर अंतरावरून दिसतो.

आवाजाचं काम त्या मानाने मजेत झालं. गुडघ्याच्या कटकन आवाजासाठी शेवग्याची वाळलेली शेंग मोडली. शिट्टी आमच्याच कुकरची, तिसऱ्या शिट्टीला वरण उतू गेलं तेही ध्वनिमुद्रणात आहे. "आई गं" हा उद्गार मात्र तिच्याकडून मागून घ्यायचा नव्हता, म्हणून एका संध्याकाळी फोन पाटाजवळ चालू ठेवून दिला आणि ती चोरी केली. मागे रेडिओवर एखादं जुनं गाणं वाजत असावं अशी माझी फार इच्छा होती. मुलीने डोक्याला हात लावला. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो, आणि गीत आणि चाल यांवरचा तर रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गाणं कितीही जुनं वाटलं तरी ते कुणाचं तरी असतं. नीना पॅली या अमेरिकन बाईंची गोष्ट तिनेच सांगितली. नवऱ्याच्या नोकरीमुळे त्या त्रिवेंद्रमला आल्या, तिथे त्यांना रामायण भेटलं, संसार मोडला, आणि त्यांनी एकटीने घरच्या कॉम्प्युटरवर 'सीता सिंग्ज द ब्लूज' हा अख्खा चित्रपट केला. २००८ साली तो झाला. त्यात १९२० च्या दशकातली अ‍ॅनेट हॅन्शॉची गाणी. तबकड्या जुन्या, पण गीतं आणि चाली मालकीच्या. त्यांच्या परवान्यापायी बाईंवर हजारो डॉलरचं कर्ज झालं, आणि शेवटी त्यांनी चित्रपट लोकांना ऑनलाइन फुकट देऊन टाकला. मी ९४ सेकंदांसाठी इतकं धाडस करणार नव्हतो. आई भाजी निवडताना काहीतरी गुणगुणते, ज्याला ना शब्द असतात ना धड चाल. ते घातलं. त्यावर हक्क सांगायला कोणी येणार नाही.

राहिलं नाव. मुलीच्या सॉफ्टवेअरात मराठी टाइप केलं की जोडाक्षरं फुटत, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसे. आयुष्यभर जे दुरुस्त केलं तेच यंत्र उत्साहाने बिघडवत होतं. म्हणून म्हटलं, नाव हातानेच लिहू. बोरू काढला, शाई केली, आणि पहिल्या दृश्यावर, जिथे बाई ताट घेऊन येते आणि बसते, तिथे वरच्या बाजूला झोकात नाव लिहिलं. बाई बसते तसं ते विरघळतं. सहा सेकंद.

शनिवारी रात्री पावणेबाराला फिल्म यूट्यूबवर चढवली. प्रेस सुरू झाल्यावर पहिली प्रत हातात येईपर्यंत छापखान्यात एक शांतता असते, तशी घरात होती. मग कळलं की इथे पहिली प्रत वगैरे नसते. आकडा असतो. रात्री एकला तो ३ होता. त्यातला एक मी, एक मुलगी. तिसरा कोण, या विचाराने मला झोप आली नाही.

आठवड्यात ४१२ झाले. जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा हवा असेल तर १००० वर्गणीदार आणि वर्षभरात ४००० तास बघितलं जाणं आवश्यक, असं मुलीने सांगितल्यावर मी गणित केलं: माझी फिल्म दीड लाखाहून जास्त वेळा शेवटपर्यंत बघितली गेली पाहिजे. सांगली शहरातल्या घराघरांत जाऊन बसावं लागेल. पण खरी गंमत दुसऱ्याच आकड्यात होती. लोक सरासरी किती वेळ बघतात तेही तिथे कळतं. माझं आलं ४१ सेकंद. म्हणजे बहुतेकांनी आईला दुसऱ्यांदा उठवलं, आणि तिथेच उभी ठेवून निघून गेले.

नवव्या दिवशी बडोद्याहून मावशीच्या यजमानांचा निरोप आला. काका हाडाचे मराठीचे मास्तर. "फिल्म आवडली. फार छान निरीक्षण. एक शंका, 'ऊठबस'मधला ऊ दीर्घ हवा ना?"

मी फिल्म लावली. पहिल्या दृश्यावर, माझ्याच बोरूने, पसरट झोकदार अक्षरांत: उठबस. उ ऱ्हस्व. खाली यूट्यूबच्या पट्टीवर मी टाइप केलेलं नाव बरोबर, दीर्घ. वर चूक, खाली दुरुस्ती, शेजारी शेजारी, ४१२ लोकांसमोर. अस्सल मराठी अकारान्त शब्दाचा उपान्त्य उकार दीर्घ. उठणे ऱ्हस्व, पण ऊठ दीर्घ. हा नियम मी किती लेखकांना फोनवरून समजावला आहे, त्यातल्या काहींना रागावूनही. आणि हे सहा सेकंद मी किमान दोनशे वेळा बघितले होते. बघत होतो ते बाईचे गुडघे. अक्षरांकडे लक्षच नव्हतं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

एकदा चढवलेली फिल्म त्याच पत्त्यावर बदलून मिळत नाही. तुकडा कापता येतो, पण कापलेल्या जागी नवा बसवता येत नाही. नाव कापायचं तर आईचं बसणंही जाणार. छापील पुस्तकात शुद्धिपत्र चिकटवायची तरी सोय असते. नवी प्रत चढवायची तर जुनी काढायची, आणि तिच्याबरोबर तो ४१२ चा आकडा आणि खालचे २३ अभिप्रायही जाणार. मी ठरवलं, राहू दे. ठरवलं म्हणजे टाळलं.

पुढचा प्रकार दीड महिन्यानंतरचा. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात एका चुलतभावाने एक व्हिडिओ टाकला. वर दोन बाणांची खूण, म्हणजे खूप वेळा पुढे ढकललेला. खाली गुलाबाची फुलं, 'आईची माया, शेअर केल्याशिवाय राहू नका', आणि मागे कुणीतरी गहिवरून गायलेलं गाणं. चित्र दाबून दाबून धुरकट झालेलं. तरी मी माझी भिंतीवरची पतसंस्था लगेच ओळखली. आईची गुणगुण काढून टाकली होती, माझं नावही. गटातल्या सहा जणांनी हात जोडले होते, एका आत्याने रडणारा चेहरा टाकला होता. तिने मूळ फिल्मची लिंक मी पाठवली तेव्हा उघडलीसुद्धा नव्हती.

राग आला, अर्थातच. कुणी केलं ते कळायला मार्ग नव्हता आणि कळून उपयोगही नव्हता. रागाच्या भरात मी ती प्रत तपासायला बसलो, सवयीने, घड्याळ घेऊन. ८८ सेकंद. माझं नाव शेवटी होतं, तिथे त्याने गुलाब चिकटवले होते; कापले होते ते सुरुवातीचे सहा. म्हणजे चोराने शीर्षक कापलं, आणि शीर्षकाबरोबर माझी चूक कापली. जगात या फिल्मची जी एकमेव शुद्ध प्रत फिरते आहे, ती चोरीची आहे. आणखी एक. सुरुवातीचं बसणं गेल्यामुळे त्या प्रतीत बाई आधी बसतच नाही; पडदा उजाडतो तोच ती उठत असते. खरं सांगायचं तर ही सुरुवात माझ्या सुरुवातीपेक्षा चांगली आहे. त्या अनोळखी माणसाला संपादनाची अक्कल आहे हे मान्य करावं लागतं. गाणं मात्र वाईट निवडलं.

आईने फिल्म बघितली ती याच प्रतीतून, आत्याने पाठवली म्हणून. मी दाखवायचं टाळत होतो. वाटत होतं, तिला वाईट वाटेल. तिने चष्मा पुसला, फोन लांब धरला, आणि सगळं शेवटपर्यंत बघितलं. त्या ४१ सेकंदांच्या सरासरीत न बसणारी प्रेक्षक म्हणजे ती. "ही मीच ना?" मी हो म्हणालो. "एवढी जाड नाहीये मी." मग पुन्हा लावलं. पाचव्या उठण्याला गुडघ्यावर हात ठेवून बाई थांबते तिथे आईचा स्वतःचा हात नकळत गुडघ्यावर गेला. गुलाब उगवेपर्यंत तिने बघितलं, आणि फोन माझ्या हातात देत विचारलं, "पण ती जेवते कधी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पटकथा लिहिली, ६४० चित्रं काढली, वरणाची वाफ काढली, ताटातली लिंबाची फोड काढली, आणि एवढ्या अकरा महिन्यांत तिला एक घास द्यायचं माझ्या डोक्यात आलं नाही. बोटं काढायला अवघड असतात, हे खरं. घास कालवताना चार बोटं आणि अंगठा वेगवेगळ्या वेगाने फिरतात, चावताना गाल हलतो आणि कानाजवळची शीर उठते. पण अवघड म्हणून टाळलं, असंही म्हणता येत नाही. टाळायला आधी आठवावं लागतं.

तर आता शेवटाला सहा सेकंद वाढवतो आहे. ती ताट जवळ ओढते, भात कालवते, घास घेते. दोन चौकटींना एक चित्र धरून ७२ चित्रं. ती झाली की शीर्षक दीर्घ ऊ घालून पुन्हा लिहीन आणि नवी प्रत चढवीन, मग जुनी काढून टाकली तरी चालेल. आई जेवताना मी समोर बसतो, आमटीकडे बघण्याचं नाटक आता करत नाही. मीठ, लोणचं, पाण्याचा तांब्या, सगळं तिच्या हाताशी आधी मांडून घेतो, कारण ती मध्येच उठली की माझं चित्र राहतं. काल रात्रीपर्यंत ३१ झाली आहेत. घास अजून ओठांपर्यंत पोचलेला नाही.